गिऱ्हाइकाचा उद्या

१

फुं. फुं. फुं. आणि मग चौथी, लांबलचक. तिच्या शेवटाला बारीक शिट्टी वाजायची. मग कट्.

हा आवाज मी तीस वर्षांपूर्वी रोज ऐकत होतो. माझा धाकटा मुलगा व्हिडिओ गेमची कॅसेट मशीनमध्ये घालायच्या आधी तिच्या तोंडात फुंकर मारायचा. तेव्हा सगळीच मुलं मारायची. आतल्या पितळी दातांवर धूळ बसली की टीव्हीवर चित्र येत नसे. बाकीची मुलं एकदाच जोरात फुंकायची आणि मोकळी व्हायची. आमच्याला दमा होता, त्याला एका दमात जमायचं नाही. तीन छोट्या फुंकरा मारून तो थांबायचा, श्वास गोळा करायचा आणि मग चौथी मारायचा. शिट्टी वाजायची ती त्याच्या छातीतली.

मी बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलेलो असायचो. तिथूनच ओरडायचो, "फुंकू नकोस रे. थुंकी आत जाते, दात गंजतात."

"फुंकल्याशिवाय त्याला जाग येत नाही, बाबा."

कट्, म्हणजे कॅसेट बसली. मग गेमचं गाणं सुरू व्हायचं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील, मी दुकानाच्या मागच्या खोलीत एकटाच कामाला बसलो होतो. माझ्या पाठीमागून तोच आवाज आला. तीन छोट्या, एक लांब, शेवटाला शिट्टी.

कट् मात्र आला नाही. त्याची वाट बघत मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मागे वळून बघायचं मला सुचलं नाही, की धीर झाला नाही, ते आता आठवत नाही.

२

दुकान गेमचं आहे. नवे आणि जुने. पुढच्या भागात काचेच्या कपाटात नवे गेम, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. त्यांना मी हात लावत नाही आणि त्यांना माझी गरजही नाही. मधल्या फळ्यांवर जुने. सीड्या, कॅसेटी, मशीनं, रिमोट. सगळ्यात मागे माझी खोली. एक टेबल, एक खुर्ची, तपासणीचा जुना टीव्ही, त्याला जोडलेली तीन-चार प्रकारची मशीनं आणि वर एक लहान खिडकी.

जुना माल घराघरांतून येतो. मुलं मोठी झाली, घर बदललं, कुणी लांब नोकरीला गेलं. आया पिशव्या घेऊन येतात. "एवढं घ्या हो, अडगळ झालीय." कधी एखादी आई काहीच सांगत नाही, पिशवी ठेवते आणि पट्टा लवकर सोडत नाही. तिला आम्हीही काही विचारत नाही. घ्यायला येतात ते बहुतेक बाप्येच. टक्कल पडलेले, खांद्याला ऑफिसची बॅग. "काका, हा सगळीकडे शोधला हो, कुठंच नाही." नवा घेणारा माणूस खोका बघतो, जुना घेणारा कॅसेट उलटी करून पाठ बघतो. आपलीच तर नाही ना, असं त्याला वाटत असावं.

मी आलेली वस्तू पुसतो, लावून बघतो, बिघडली असली तर उघडतो. ती तयार नसेल तोवर तिला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधतो. चिठ्ठीवर एकच शब्द. उद्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हा शब्द मी डोळे मिटून लिहीन. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, तेव्हापासूनची सवय. वस्तू उघडलेली नसली तरी उद्या. उघडून काही कळलं नसलं तरी उद्या. पार्ट कुठंच मिळत नसला तरी उद्या. आमच्या धंद्यात ते कुणी खोटं म्हणून बोलत नाही. उद्या म्हटलं की माणूस निवांत होऊन घरी जातो, एवढंच.

दुकानाच्या मालकीणबाईंना हे माहीत आहे. जिभेनं तिखट, मनानं बऱ्या.

"काका, तुमचा उद्या कुठल्या देशात उगवतो हो? इकडं तर कधी दिसला नाही."

"उगवेल हो, बाई."

"कधी? उद्या?" आणि स्वतःच हसतात. "मी आता बाहेर पाटीच लावते. नवे गेम, जुने गेम आणि ताजा उद्या मिळेल."

३

त्या मंगळवारी माझ्या ट्रेमध्ये सहा जुन्या कॅसेटी होत्या. कुणी आणल्या म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "शटर उघडलं तर पिशवी कडीला लटकवलेली. फुकटात आलंय काका, प्रश्न विचारू नका."

पाच कॅसेटी कोरड्या होत्या. सहावीचे दात ओले होते.

पाणी सांडल्यासारखे ओले नव्हे. आरशासमोर तोंड नेल्यावर आरशावर जे धरतं ना, तसं. मी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि दात पुसले. स्पिरिट दहा आकडे मोजेपर्यंत उडून जातं. कोरडी झालेली कॅसेट बाजूला ठेवली, चिठ्ठी बांधली, स्वतःशीच म्हटलं, "उद्या बघू." आणि तेवढ्यात पाठीमागून तो आवाज.

म्हाताऱ्या माणसाचे कान वाजतात. मी तेच धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दात पुन्हा ओले. भिंतीला ओल असेल म्हणून ट्रे वरच्या फळीवर नेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारच्या पाचही कॅसेटी खडखडीत कोरड्या, अगदी चिकटून ठेवलेल्यासुद्धा. ओल भिंतीची असती तर तिनं आपपरभाव कशाला केला असता?

मी ती नाकाशी नेली. स्पिरिटचा वास नव्हता, बुरशीचाही नव्हता. गोडसर होता. लहान मुलाला खोकल्याचं औषध दिल्यावर त्याच्या तोंडाला येतो तो.

मी ती खाली ठेवली आणि उगाचच हात धुऊन आलो.

४

माझा पाणी प्यायचा काचेचा ग्लास आहे. संध्याकाळी घरी जाताना मी ती कॅसेट टेबलावर ठेवली आणि तिच्यावर ग्लास उपडा घातला. बाहेरची हवा लागली नाही तर ओल येणार कुठून, असा माझा साधा हिशेब.

सकाळी आलो तर ग्लासला आतून वाफ धरली होती. सगळीकडे नाही. कॅसेटीच्या तोंडासमोर, खालच्या बाजूला, लिंबाएवढा एक गोल.

मी खुर्ची ओढून बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, पुढे बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत तो गोल लहान झाला. मग मोठा झाला. पुन्हा लहान. मी छातीवर हात ठेवून बघितलं, माझ्याच श्वासानं तर होत नाही ना. मी श्वास धरून ठेवला. गोलाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तीन वेळा जरा जरा वाढला, थोडा थांबला आणि मग एकदा सावकाश, मोठा.

तरी मी मनाला समजावत होतो. ऊन लागतंय, काच तापतेय, वाफ हलतेय. चाळीस वर्षं ज्यानं आवाजाचं कारण तारेत शोधलं, त्याला कारण लागतंच.

ग्लास उचलला आणि कॅसेट उलटी केली. पाठीवरचं लेबल कुणीतरी फाडून काढलं होतं, नुसता काळा डिंक उरला होता. एवढे दिवस मी दातच पुसत होतो, पाठीला कापूस लावलाच नव्हता. आता लावला. डिंक सुटला तसे खालून दोन थेंब निघाले. तारा जोडायच्या सोल्डरचे. एक मोठा, एक छोटा, प्लास्टिक वितळवून आत बसलेले.

अशी खूण रेडिओवाल्याच्या पोराशिवाय कुणी करणार नाही.

५

तो गेम दोघांनी खेळायचा होता. एक लाल टोपीवाला, एक निळा. दोघं मिळून गुहेतून बाहेर पडायचे. एक दाराशी पोचला आणि दुसरा मागे राहिला, तर दार उघडत नसे. पहिल्यानं तिथंच उभं राहायचं.

धाकट्यानं माझी सोल्डरची तापलेली सळई चोरून ते दोन थेंब पाडले होते. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. डोळे पुसत म्हणाला, "मोठा तुम्ही, छोटा मी. तुम्ही निळे घ्या ना, बाबा. ताईला जमत नाही, ती लगेच मरते." ताई म्हणजे माझी थोरली, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी.

"घेईन की," मी म्हणालो होतो. "उद्या."

एके दिवशी दुपारी त्याला जोराचा दम लागला. ओठ निळे पडले. मी त्याला उचलून धावलो. थोरली दार उघडायला पळाली, तिच्या पायात वायर अडकली आणि मशीन धाडकन खाली आलं.

संध्याकाळी कपडे न्यायला मी घरी आलो तेव्हा ते जमिनीवरच पडलेलं होतं. मी टीव्ही लावून बघितला. सवय, दुसरं काय. चालू होतं. कोपऱ्याचा टवका उडाला होता, बाकी ठणठणीत. लाल टोपीवाला दाराशी उभा होता, निळा मागे. मला असा काही राग आला की कशाचा ते आजही सांगता येणार नाही. ह्या फुंकरांनीच पोराची छाती रिकामी केली असं वाटलं. मशीन कॅसेटीसकट उचललं आणि कोपऱ्यावरच्या जुन्या सामानवाल्याला देऊन टाकलं. त्यानं बदल्यात एक इस्त्री पुढे केली. ती मी घेतली.

हॉस्पिटलात त्यानं पहिलं तेच विचारलं. "माझा गेम कुठंय?"

थोरली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मी म्हणालो, "ताईच्या हातून पडला ना, दुरुस्तीला घेतलाय."

"कधी होईल?"

"उद्या."

नऊ दिवस तो विचारत होता आणि नऊ दिवस मी तेच सांगत होतो. नवव्या दिवशी त्याला धड बोलता येत नव्हतं. हाताच्या मागे सुईवर पांढरी पट्टी होती, त्या हातानं त्यानं माझी बाही धरली.

"बाबा, गिऱ्हाइकाला सांगता तो उद्या की आपला उद्या?"

"आपला," मी म्हणालो.

ते सगळं आटोपल्यावर थोरलीनं विचारलं, "बाबा, गेम झाला का नीट?" मी म्हणालो, "नाही गं. आतून तडा गेला होता. पार गेला." चौदा वर्षांची पोर. तिनं मान हलवली आणि हात पाठीमागे घेतले.

ते अजून तिथंच आहेत. लग्न झालं, संसार झाला. जावई चेष्टेनं म्हणतात, आमच्याकडं काचेचं भांडं औषधालाही सापडायचं नाही. तिच्या मुलांना तिनं कधी गेम घेऊन दिला नाही. दर गुरुवारी ती माझ्या गोळ्या घेऊन दुकानात येते, काउंटरपासून दोन हात लांब उभी राहते, हात पाठीमागे बांधून. बाई म्हणतात, "अहो ताई, या की आत, इथं काही चावत नाही." ती म्हणते, "नको. माझा हात लागला की वस्तू टिकत नाही."

मी मागच्या खोलीत बसून हे ऐकतो. इथं काम धरलं ते त्या कॅसेटीसाठीच. ती मिळाली की थोरलीला सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. पहिली दोन वर्षं आलेली प्रत्येक कॅसेट उलटी करून बघितली. मग बघायचं सुटलं. खरं म्हणजे सुटल्यावर मला बरंच वाटलं.

६

"काका!" बाई पुढून ओरडल्या. "तो गुहेवाला, दोघांचा गेम आला का हो कधी? गिऱ्हाईक उभंय. कधी देताय?"

"उद्या म्हणावं," मी सवयीनं म्हणालो.

फुं. फुं. फुं.

ह्या वेळी डाव्या कानाशी. मानेवरचे केस हलले. मग चौथी, शिट्टीसकट. मी वळलो. मागे भिंत आणि तिच्यावर टांगलेल्या वायरी. वायरी हलत नव्हत्या.

तेव्हा लक्षात आलं. बाई बँकेत गेल्या तशी मी खोलीचं दार लोटलं आणि हळूच म्हणालो, "परवा." काही नाही. "आज." काही नाही. मग जीभ अडखळली, तरी म्हणालो. "उद्या."

आला.

त्यानंतर मी तो शब्द टाकला. चिठ्ठ्यांवर वार लिहायला लागलो. बाईंनी दोन दिवसांत विचारलंच, "काय काका, तब्येत बरी आहे ना? सरळ वार सांगायला लागलात. गिऱ्हाइकं घाबरलीत, म्हणतात म्हातारा काही लपवतोय." मी हसलो. पण ग्लासावरचा गोल रोज लहान होत चालला होता. लिंबाएवढा होता तो बोराएवढा झाला, मग करंगळीच्या नखाएवढा. वाट बघून दमलेल्या पोरासारखा.

ते मला बघवेना. एका सकाळी मी तोंड ग्लासाजवळ नेलं आणि म्हणालो, "उद्या हं, बाळा." गोल एकदम मोठा झाला. कानाशी फुंकर आली, ऊबदार.

मग मी रोज म्हणायला लागलो. त्याची फुंकर ऐकायला. हे सांगताना लाज वाटते, पण सकाळी दुकानात यायची मला घाई व्हायची. मी त्याला पुन्हा फसवत होतो, अगदी तसंच, आणि ह्या वेळी कुणाच्या समाधानासाठी नाही, माझ्याच.

आधी तीन फुंकरा झाल्यावर तो पटकन चौथी मारायचा. आता थांबायला लागला. श्वास गोळा करायला वेळ लागायचा. रोज थोडा जास्त. चौथी तोकडी व्हायची आणि शिट्टी लांब. हे चढतं दुखणं मी एकदा बघितलेलं होतं. मी बोटांवर मोजलं. मंगळवारपासून आजवर तो शब्द माझ्या तोंडून निघालेले दिवस आठ झाले होते. त्या दिवशी बुधवार होता.

ठरवलं, आता पुन्हा म्हणायचं नाही. काही झालं तरी.

७

गुरुवारी दुपारी बाई जेवायला घरी गेल्या होत्या. पुढच्या दाराची घंटी वाजली. थोरलीनं हाक मारली, "बाबा?" मी ओ दिली, पण गुडघा धरला होता, उठता येईना. तर ती मागेच आली. मी इथं काम धरल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा. हात पाठीमागे, पिशवी बोटांत लटकवलेली. टेबलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभी राहिली.

"गोळ्या ठेवते इथं. रात्रीची चुकवू नका." मग तिची नजर ग्लासावर गेली. "हे काय झाकून ठेवलंय?"

ती वाकली. मी कॅसेट पाठ वर करून ठेवली होती. दोन थेंब काचेतून स्वच्छ दिसत होते.

"बाबा," ती म्हणाली. "हा तोच ना?"

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात पार गेला."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. ती हसत होती. लहान मुलीसारखी, डोळ्यांत पाणी आणून. "म्हणजे तुम्ही टाकला नाहीत. इतकी वर्षं नीट करत होतात? अगंबाई. आणि मला बोलला नाहीत."

मी हो म्हणालो असतो तर भागलं असतं. तिचं समाधान झालं असतं. माझंही. एका होकारात मी चांगला बाप झालो असतो.

"चालतो का?" ती म्हणाली. "लावून दाखवा ना, बाबा. मला बघायचाय."

मला वेळ हवा होता. काय सांगायचं, कसं सांगायचं, जरा विचार करायला. जीभ चाळीस वर्षांची. मी थांबवायच्या आत ती बोलून गेली.

"उद्या."

फुं. फुं. फुं.

माझ्या कानाशी नाही. थोरलीच्या कानामागच्या बटा हलल्या. तीनदा, जरा जरा. तिनं दचकून हात पुढे आणला आणि मान झाकली. "वारा कुठून येतो हो इथं?"

खिडकी बंद होती. मग श्वास आत ओढल्याचा आवाज सुरू झाला. चौथ्या फुंकरीसाठी गोळा करताना यायचा तो. तो थांबेना. आत, आत, आणखी आत, बारीक होत, शिट्टी वाजवत. ग्लासावरचा गोल मिटून गेला होता. तपासणीच्या मशीनचे दोन रिमोट टेबलावर होते, त्यांतल्या एकाची वायर ताणली गेली. आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेवर काहीतरी पांढरं दिसलं. सुईवर लावतात तशी पट्टी. तिच्या पुढे बोटं होती की नाही ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटले.

"तो फुटलाच नव्हता," मी म्हणालो.

८

मी हळू बोलतो, त्यामुळे वेळ लागला. डोळे मिटूनच सांगितलं. मशीन पडलं होतं पण चालू होतं. मी लावून बघितलं होतं. मीच ते देऊन टाकलं, त्याच संध्याकाळी. दुरुस्तीला कुठंच नव्हतं. आतून तडा वगैरे काही नव्हता. तुझ्या हातून काहीही मोडलं नव्हतं, पोरी. मला सांगायला सोपं जावं म्हणून तुझं नाव घेतलं आणि मग ते तसंच राहू दिलं.

"कुणाला दिलं?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"जुन्या सामानवाल्याला. त्यानं इस्त्री दिली."

तो श्वास अजून आत ओढला जात होता, आता केसाएवढा बारीक.

"ती इस्त्री?" ती म्हणाली. "तीच? त्याला शेवटी घातलेल्या शर्टाला मी तिनंच इस्त्री केली होती."

मी मान हलवली.

तेव्हा चौथी फुंकर आली. लांब, भरून, सगळ्या खोलीतून. शिट्टीशिवाय. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला अशी कधी जमली नव्हती. तिच्या शेवटाला, मी इतके दिवस ज्याची वाट बघत होतो तो आवाज झाला.

कट्.

मी डोळे उघडले. टीव्ही बंदच होता. रिमोटची वायर ढिली पडलेली. टेबलाच्या कडेवर काही नव्हतं. ग्लास आतून बाहेरून स्वच्छ.

थोरली स्वतःच्या हातांकडे बघत होती. दोन्ही पुढे धरून, तळवे वर, मग खाली, पुन्हा वर. कुणाचे तरी आणून दिल्यासारखे. तिनं ग्लास उचलला. काचेचा. जराही आवाज न करता बाजूला ठेवला. कॅसेट घेतली, दोरा सोडला आणि चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, अक्षर माझ्याकडे करून.

"पोरी," मी म्हणालो. "बस जरा. लावून दाखवतो. आत्ता. लगेच लावतो."

तिनं कॅसेट दोन्ही हातांत छातीशी धरली आणि वळली. मी टेबलाला धरून उठलो, खोलीच्या दारापर्यंत गेलो, गुडघा पुढे येईना. जुन्या फळ्यांमधून, नव्या गेमच्या कपाटांवरून ती चालत गेली. खांद्यानं पुढचं दार ढकललं. घंटी वाजली. ती बाहेर पायरीवर उतरली आणि थांबली. मला वाटलं, वळून बघेल. तिनं वळून बघितलं, पण माझ्याकडे नाही. एक हात मोकळा करून तिनं दार धरून ठेवलं. मागून कुणी येत असलं की धरतात तसं, जरा खाली बघत, ते बाहेर येईपर्यंत.

मग तिनं दार सोडलं आणि निघून गेली.